मुद्देसूदची मोठी मीटिंग

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात ज्याने उभी हयात काढली, त्या माणसाला सगळे 'मुद्देसूद' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, आणि निरोपसमारंभात भाषणाच्या भरात मोठे साहेबसुद्धा तेच म्हणून गेले. त्याचं खरं नाव बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

निवृत्तीनंतर ह्या मुद्देसूदच्या डोक्यावर एकच काम उरलं होतं. बायकोला एक गोष्ट सांगायची. गोष्ट जुनी, वीसेक वर्षांची, आणि दोन वाक्यांत मावेल एवढीच होती: 'माझ्या ज्या मोठ्या मीटिंगसाठी तू रेडिओची संधी सोडलीस, ती मीटिंग चहा निवायच्या आत संपली. आणि मी तुला ते कळवलं नाही.' बस्स. शाळेतल्या पोराला पाठ होईल. पण मुद्देसूद पडला तयारीचा माणूस. तयारी केल्याशिवाय त्याने कधी शेजाऱ्याकडे शिडी मागितली नव्हती. आणि नेमकं इथंच घोडं पेंड खात होतं, कारण त्याच्या सगळ्या तयाऱ्या जन्मभर ज्या एका माणसासमोर झाल्या, ते माणूस म्हणजे त्याची बायको. चोराने चोरीची तालीम घरमालकासमोर कशी करायची?

आता मुद्देसूद काही आईच्या पोटातून मुद्दे घेऊन आला नव्हता. नोकरीला लागला तेव्हा चारचौघांइतकाच बावळट होता. खात्याचे प्रमुख आजारी पडले म्हणून एका सोमवारी मीटिंगला ह्याला धाडलं. लांबलचक टेबल, टोकाला मोठे साहेब, एका बाजूला हिशेब खात्याच्या बाई, दुसऱ्या बाजूला उत्पादनाचा प्रमुख. साहेबांनी विचारलं, "गोंद किती दिवस पुरेल?"

हा म्हणाला, "बघून सांगतो."

साहेबांनी नाकाने एक लांब श्वास घेतला. "मग बघूनच यायचं."

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी पगार कापला नाही. उत्पादनाच्या प्रमुखाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं, इतकंच झालं. पण तो खोकला मुद्देसूदच्या कानात जन्माचा बसला. 'बघून सांगतो' हे शब्द त्याने जिभेवरून कायमचे हद्दपार केले.

पुढे दर सोमवारी ह्यालाच धाडू लागले, आणि लागलं तयारीचं खूळ. शनिवारी सगळे घरी पळायचे तेव्हा हा गोदामात गोंदाची पिंपं ठोकून बघायचा. पुठ्ठ्याची रिळं, स्टेपलची तार, छपाईची शाई, सगळ्यांचे भाव, मागचे भाव, त्याच्या मागचे भाव, आणि ते का वाढले त्याची कारणं. गोदामातल्या मांजराला पिल्लं किती झाली हेसुद्धा एकदा तो विचारून गेला होता. न जाणो. बाकीची मंडळी खिशाला पेन लावून मीटिंगला जायची आणि पेन शाबूत घेऊन परत यायची. मुद्देसूद पिशवी भरून जायचा. त्याला सोमवारी विचारले जायचे दोन प्रश्न. क्वचित तीन. पण उत्तरं त्याच्याकडे दोनशे असायची, आणि न विचारलेल्या उत्तरांचं त्याला आतून अजीर्ण व्हायचं.

लग्न झालं, तरी खूळ सुटलं नाही. दाढी करताना आरशाला भाव सांगणं चालूच. नव्या नवरीने आठ-दहा सकाळी ते ऐकून घेतलं. मग एका सकाळी, मुद्देसूद आरशाला "पुठ्ठा महागला आहे" असं सांगत असताना, स्वयंपाकघरातून नाकाने घेतलेला लांब श्वास ऐकू आला, आणि पाठोपाठ जाड आवाज: "पुठ्ठा महागला, हे पुठ्ठेवाला सांगेल. तुम्हाला पगार कशाचा?"

मुद्देसूदच्या हातून वस्तरा सुटला. साहेब घरात? दार उघडून पाहतो तर बायको वाटाणे सोलत बसलेली.

"तू त्यांना कधी ऐकलंस?"

"कारखान्याच्या जेवणात नाही का भेटले एकदा. 'आणखी घ्या' म्हणाले होते."

दोन शब्दांवरून बाईने अख्खा साहेब उचलला होता.

झालं. त्या दिवसापासून मुद्देसूदने आरसा सोडला आणि बायको धरली. दर रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी सोमवारची मीटिंग आधीच भरायची. ऑफिसातल्या माणसांची वर्णनं तो करायचा आणि आवाज ती द्यायची. हिशेब खात्याच्या बाई प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करतात असं त्याने सांगितलं, तर तिने एक चिरका, संशयी आवाज काढला, असा की पुढच्या सोमवारी खऱ्या बाई बोलल्या तेव्हा त्या नक्कल करताहेत असं मुद्देसूदला वाटलं. ह्या बाईंचं नाव घरात 'पणबाई' पडलं. उत्पादनाच्या प्रमुखाचा आवाज मोठा, म्हणून तो 'भोंगा'. टेबलाच्या ह्या बाजूला मुद्देसूद एकटा, त्या बाजूला साहेब, पणबाई आणि भोंगा, तिघांत मिळून एक बाई आणि वाटाण्यांचं एक पातेलं.

ती लबाडही होती. मध्येच भोंग्याच्या आवाजात गरजायची, "तार वेळेवर येत नाही, गोंद वेळेवर येत नाही, आणि बाथरूमचा नळ कधी दुरुस्त होणार?"

"भोंगा असं विचारणार नाही."

"विचारायला पाहिजे त्याने."

"अगं, मुद्द्यावर ये."

"पण," पणबाई म्हणायच्या, "पण गळतंय तर खरं."

नळ काही दुरुस्त व्हायचा नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये तो विषय नसायचा ना.

खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांचे कान म्हणजे इमारतीचं टपाल खातं. त्यांनी बातमी फिरवली की वर रविवारी पत्त्यांचा अड्डा बसतो, दोन-तीन पुरुष येतात, भांडतात, एक बाईही असते, आणि ती काही ह्याची बायको नव्हे, आवाजच वेगळा. वरच्या मजल्यावर रेडिओ स्टेशनात काम करणारा एक गृहस्थ राहायचा. नाटकं बसवणं हेच त्याचं काम. त्याचा काकूंवर विश्वास नव्हता, पण आपल्या कानांवर होता. एका रविवारी तो साखर मागायच्या निमित्ताने खाली आला. मुद्देसूदने दार उघडलं. रेडिओवाल्याने आत डोकावून पाहिलं, पडद्याआड पाहिलं, गॅलरीत पाहिलं.

"वहिनी, ते तिघं कुठं गेले?"

"इथंच आहेत," ती म्हणाली. "बसा. कोण हवंय तुम्हाला?"

रेडिओवाला बसला तो तासभर उठला नाही. साखर न घेताच गेला. जाताना दारात वळून म्हणाला, "वहिनी, अशी एक बाई आम्ही दोन वर्षं शोधतोय. दर आठवड्याचं नाटक आहे, घरातल्या घरात घडणारं. एकच बाई सासू, शेजारीण, डॉक्टर सगळं करेल तर हवीच आहे. बुधवारी चाचणी. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत कधीही या. मी असतोच."

तिने दार लावून घेतलं. पण त्या रात्री भांडी विसळताना सासू, शेजारीण आणि डॉक्टर तिघी एकमेकींना टोमणे मारताना मुद्देसूदने ऐकल्या. एवढ्या खुशीत तिने भोंग्याला कधी केलं नव्हतं.

आणि बघा दैवाचा खेळ. मुद्देसूदची मोठी मीटिंगही त्याच बुधवारी. वर्षाची सगळी खरेदी त्या दिवशी मांडायची, मालक मंडळी येऊन बसणार, आणि खात्याचे प्रमुख पायउतार व्हायला आलेले, म्हणजे त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीकडे सगळ्यांचं लक्ष. तीन आठवडे घरात रोज तालीम चालली होती. नवराबायकोत गोंदाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता.

सोमवारी तिने जेवता जेवता सोडलं, "बुधवारी मी जाऊन येईन म्हणते रेडिओवर."

"बुधवारी?" त्याचा घास थांबला. "बुधवारी माझी मीटिंग."

"तुमची ना. मला कुठे बोलावलंय?"

"तसं नव्हे. पण ऐन वेळी एखादा आकडा सुटला तर? तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येईन आणि तुला फोन करीन."

ती हसली. "मालकांसमोर बायकोला विचारून सांगणार?"

"बाहेर येऊन गं."

"म्हणजे मी फोनपाशी बसायचं."

"मीटिंग संपेपर्यंत फक्त. संपली की लगेच फोन करतो. मग तू निघ. बसने जायला कितीसा वेळ लागतो? आणि अगदीच नाही जमलं, तर हा विषय आपण पुढच्या खेपेला घेऊ."

पुढच्या खेपेला. ऑफिसात नको असलेला कागद ज्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवतात, तोच चिमटा त्याने जेवणाच्या ताटाशी वापरला, आणि आपण काही वापरलं हेसुद्धा त्याला कळलं नाही. तिने फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बरं," म्हणाली. कुणाच्याच आवाजात नाही. आपल्याच.

बुधवारी तो निघाला तेव्हा ती बाहेर जायचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन, फोनच्या स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसली होती. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी. त्याने दारातून सांगितलं, "संपली की लगेच."

मीटिंगच्या खोलीत सगळे जमले. मालक मंडळी आली. मुद्देसूदने कागदांच्या चळती समोर लावल्या, पाणी प्यायलं, घसा साफ केला. सगळ्यात शेवटी मोठे साहेब आले ते गालाला रुमाल लावून. दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. त्यांनी उभ्याउभ्याच म्हटलं, "खरेदीचे कागद आम्ही वाचलेत. ठीक आहेत. मान्य. कुणाला काही?" पणबाईंनी तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं आणि मिटलं. भोंग्याने घड्याळ पाहिलं. "मग झालं," असं म्हणून साहेब दाताच्या डॉक्टरकडे निघूनही गेले. मालकांपैकी एकाने विचारलं, "ह्या खोलीतल्या खुर्च्या जरा टोचतात, नाही?" मुद्देसूदला खुर्च्यांचा भाव माहीत नव्हता, पण उत्तराची वाट बघायला कुणी थांबलंच नाही. टेबलावरच्या कपांतून वाफा निघत होत्या.

मुद्देसूद बाहेर आला. कारकुनाच्या टेबलावर फोन होता. त्याने उचलला. आणि आता सांगायचं काय? तीन आठवडे जी बाई त्याच्यासाठी तीन तोंडांनी भांडली, तिला 'मला कुणी काहीच विचारलं नाही' असं सांगायचं? पहिल्या मीटिंगमधला तो खोकला त्याला एकदम कानाशी ऐकू आला. त्याने विचार केला, इतक्या लवकर फोन केला तर बरं दिसणार नाही. जरा वेळ जाऊ द्यावा. मीटिंग निदान मीटिंगएवढी तरी चालल्यासारखी वाटावी. त्याने फोन ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. कागदांच्या चळती सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग वाटलं, आता करावा. तेवढ्यात भोंगा टेबलावर येऊन टेकला आणि म्हणाला, "काय मुद्देसूद, आज तर तुमचा एकही मुद्दा खर्ची पडला नाही." मुद्देसूद हसला. भोंगा जाईना. भोंगा गेला तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. मग आता काय उपयोग, असं म्हणून तो डबा उघडून बसला. डब्यात तिने त्या दिवशी जास्तीची भाजी घातली होती, भांडून भूक लागेल म्हणून.

सगळ्या दिवसात हात पुढे करायचं एवढंच काम होतं. दोन हातांवर फोन होता.

संध्याकाळी तिने दार उघडलं ते घरच्या कपड्यांत. डोळ्यांत एकच प्रश्न.

"कशी झाली?"

आणि मुद्देसूदच्या तोंडून, कुठलीही तयारी न करता, आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार खोटं बाहेर पडलं. "छान झाली. अगदी तू विचारलंस तसंच विचारलं."

"गोंदाचं?"

"गोंदाचंसुद्धा."

"आणि पणबाई?"

"दोनदा 'पण' म्हणाल्या."

ती टाळी वाजवून हसली. "तरीच. फोन आला नाही तेव्हाच मी ओळखलं, अडलं नाही कुठं. बसून बसून पाय आखडले माझे, पण म्हटलं, न येऊ दे फोन. फोन न येणं हेच चांगलं."

मुद्देसूदने रिकामा डबा तिच्या हातात दिला.

पुढच्या खेपेचं म्हणाल, तर पुढची खेप आली नाही. रेडिओवाल्याची बदली झाली, त्याच्या मागोमाग ते नाटकही बंद पडलं. खुर्ची मात्र मुद्देसूदला मिळाली. ती कशी मिळाली ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं: दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. घरी मात्र त्या खुर्चीची कथा निराळी झाली. कुणी पाहुणं आलं, कुणी शेजारीण टेकली, की बायको सांगायची, "मी रेडिओवर जाता जाता राहिले, पण ह्यांची खुर्ची माझ्या तोंडाने मिळाली." आणि मग साहेबांचा श्वास, भोंग्याची गर्जना, सगळं साग्रसंगीत. मुद्देसूद कोपऱ्यात बसून पेपर वाचायचा. पेपर उलटा धरला तरी त्याला कळलं नसतं.

रविवारच्या तालमी त्यानंतरही चालू राहिल्या. त्याला त्या नकोशा झाल्या होत्या. पण बंद केल्या असत्या तर का बंद केल्या हे सांगावं लागलं असतं. हळूहळू असं झालं की ती घरातलंही सगळं त्या तिघांच्या तोंडून बोलायला लागली. जेवायला हाक मारायची ती भोंग्याच्या आवाजात. कुरकुर करायची ती पणबाईंच्या. रागावली की नाकाने लांब श्वास घेऊन साहेब व्हायची. आल्यागेल्याला गंमत वाटायची. मुद्देसूदला कधी कधी रात्री उगाच वाटायचं की घरात चार माणसं आहेत आणि त्यातलं एक बऱ्याच दिवसांत बोललेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने सांगायचं ठरवलं. म्हणजे मुद्दे काढले. आधी आभार, मग पार्श्वभूमी, मग मूळ विषय, मग दिलगिरी. आरशासमोर करून पाहिलं, जमलं नाही. आरसा काही उलट विचारत नव्हता. गॅलरीतल्या कुंडीला सांगून पाहिलं. शेवटी न्हाव्याकडे, मानेला कापड गुंडाळलेलं असताना, 'एका मित्राची गोष्ट' म्हणून सगळं सांगून टाकलं.

न्हाव्याने कात्री थांबवली. "तुमचा मित्र सांगणार म्हणतोय?"

"हो."

"कशाला? बाई बिचारी खुशीत आहे. त्याला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर कशाला?" मग एक बट कापून म्हणाला, "बाकी मित्राला म्हणावं, मागचे केस फार वाढलेत तुझे."

न्हाव्याचं बोलणं त्याला पटलं. मग चार दिवसांनी नाही पटलं. मग पुन्हा पटलं. आणि ह्या पटण्या-न पटण्यात दोन वर्षं गेली.

मागच्या महिन्यात मेहुणीची मुलगी आली. तिला एका विमा कंपनीत मुलाखतीला बोलावलं होतं, म्हणून दोन दिवस मावशीकडे राहायला. पोरगी हुशार, पण मुलाखतीच्या नावाने हातपाय गार. मावशीचं म्हातारपण क्षणात पळालं. टेबल पुसलं, खुर्च्या लावल्या, वाटाणे घेतले. "बस इथं. मी विमावाले." आणि कधी न पाहिलेले तीन विमावाले तिने असे उभे केले की पोरगी हसून हसून कोलमडली आणि मग खरोखरच नीट उत्तरं द्यायला लागली.

मुद्देसूद दारात उभा राहून बघत होता. किती वर्षांनी ते टेबल भरलं होतं.

"मावशी, तू हे शिकलीस कुठं?"

आणि झाली सुरू खुर्चीची कथा. रेडिओ, बुधवार, मालक मंडळी, फोनचं स्टूल. "दिवसभर बसले होते पर्स घेऊन. एकदासुद्धा फोन आला नाही. इतकी पक्की तयारी करून घेतली होती ह्यांची."

पोरगी वळली. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, उद्याची धाकधूक होती. "काका, मग काय काय विचारलं हो त्यांनी? सगळ्यात अवघड काय विचारलं?"

ह्या प्रश्नाची तयारी मुद्देसूदने केली नव्हती. मुद्दे काढले होते ते सगळे बायकोसाठी, आणि तेही आभारापासून सुरू होणारे. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आता हा गोंदाचं सांगेल म्हणून. मांडीवर वाटाण्याच्या शेंगा.

"काही नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काही विचारलं नाही. साहेबांची दाढ दुखत होती. उभ्याउभ्या मान्य केलं आणि गेले. चहासुद्धा कुणी प्यायला नाही."

पोरगी आधी हसली. मग मावशीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. बायकोच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. ती नाकाने लांब श्वास घेईल, साहेबांच्या आवाजात काहीतरी लागट बोलेल, अशी मुद्देसूदने वाट पाहिली. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. साहेबांना उत्तर कसं द्यायचं ते त्याला येत होतं.

ती सावकाश म्हणाली, "लवकर संपली?"

"लवकर."

"किती लवकर? मी बसले होते तेव्हा?"

"तू बसली होतीस तेव्हाच."

"मग फोन का नाही केलात?"

त्याच्या जिभेवर ते हद्दपार केलेले दोन शब्द आले. इतक्या वर्षांनी, जसेच्या तसे. त्याने ते गिळले. लाज वाटली, म्हणायचं होतं. भोंगा बसून राहिला, म्हणायचं होतं. पण दोन्ही कारणं तिच्या त्या मांडीवरच्या पर्सपुढे इतकी फुटकळ होती की तो नुसता उभा राहिला. ती थोडा वेळ थांबली, खरंच उत्तराची वाट बघत. मग शेंग सोलून दाणे पातेल्यात टाकले, भाचीला म्हणाली, "बास झालं आजचं. तयारी पुरे. जेवून लवकर झोप."

त्या रात्री जेवायला कुणी भोंग्याच्या आवाजात हाक मारली नाही. ताटं मांडलेली दिसली तेव्हा तो जाऊन बसला.

सकाळी भाची निघाली. मावशीने दारात तिची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "झालं की लगेच फोन कर. चांगलं झालं तरी, वाईट झालं तरी. पाच मिनिटांत झालं तरी."

फोनचं जुनं स्टूल अजून तिथंच होतं. आता त्यावर मोबाइल असायचा. ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. मुद्देसूदने जरा विचार केला, मग स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची उचलून आणली आणि स्टुलाच्या पलीकडे ठेवली. दोघं बसून राहिले. बसल्यावर त्याला कळलं की त्या जागेवरून फोनशिवाय काही दिसतच नाही. खिडकी पाठीमागे येते. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. ह्या भिंतीकडे बघत ती दिवसभर बसली असणार. त्याला आपलं बोलणं सुरू करायचं होतं, आभारही सोडून, पार्श्वभूमीही सोडून. तोंड उघडलं आणि फोन वाजला.

तिने उचलला. पलीकडून भाची भरभर बोलत होती. आत जाऊन बसले न बसले तोच आटपलं, नाव विचारलं, गाव विचारलं, कळवू म्हणाले, एवढी सगळी तयारी वाया गेली मावशी.

"असू दे," ती म्हणाली. "असू दे गं. फोन केलास ना. ये घरी."

तिने फोन स्टुलावर ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, नवऱ्याकडे नव्हे, फोनकडे.

"केवढासा वेळ लागतो," ती म्हणाली.

तो आवाज साहेबांचा नव्हता, पणबाईंचा नव्हता, भोंग्याचाही नव्हता. कुणाचा आहे ते ओळखायला मुद्देसूदला एक क्षण लागला. ओळखेपर्यंत ती खुर्ची उचलून आत गेली होती, आणि आतून बाथरूमच्या नळाचं टपटपणं तेवढं ऐकू येत होतं.